मेन क्वेस्ट सोडून भटकणाऱ्यांसाठी: ओपन वर्ल्ड फॅन्टसी गेम्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्र, ऑफिसमधले, मामेभाऊ, त्याचे होस्टेलमधले दोस्त, आणि दोन-तीन काकूसुद्धा, सगळे मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारून राहिले, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून टाकते. मी नागपूरची, २०१२ च्या उन्हाळ्यात स्कायरिम या गेमपासून सुरुवात केली आणि तेव्हापासून हे गेम सोडले नाहीत. (क्वेस्ट म्हणजे गेममधली मोहीम, मेन क्वेस्ट म्हणजे मुख्य गोष्टीची.) सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट खाली आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथं नंबर दिलाय.

१. ओपन वर्ल्ड म्हणजे काय? जीटीए पण ओपन वर्ल्डच ना?

हाव, जीटीए (शहरात गाड्या पळवायचा तो ग्रँड थेफ्ट ऑटो) पण ओपन वर्ल्डच. बहुतेक मॅप मोकळा असतो, कुठं कधी जायचं ते तुम्ही ठरवता, गेम तुम्हाला हात धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत नाही. त्यात फॅन्टसी आली म्हणजे तलवारी, जादू, ड्रॅगन. आणि आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग, पात्र तुम्ही घडवायचं, धनुष्य धरायचं का जादू शिकायची का नुसतं गोड बोलून काम काढायचं. याचं मूळ कॉम्प्युटरवर नाहीच, ते कागद आणि फाशांवरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये आहे, १९७४ चा खेळ, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी केलेला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे म्हणतात की आम्ही दारातून नाही जात, मागच्या खिडकीतून जातो. तो "खिडकीतून जातो" म्हणायचा हक्क कॉम्प्युटरवर आणायचा प्रयत्न म्हणजे हे सगळे गेम.

२. झेल्डा, बाल्डर्स गेट ३, किंगडम कम, हे यात धरायचे का?

काटेकोर बोलायचं तर तिन्ही थोडे थोडे बाहेर राहतात. झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) ओपन वर्ल्ड आहे, फॅन्टसी आहे, पण त्यात लेव्हल (पात्राची टप्प्याटप्प्यानं वाढणारी ताकद) वगैरे नाही, म्हणून लोक त्याला अ‍ॅक्शन अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. बाल्डर्स गेट ३ (२०२३) पक्का आरपीजी, पण जग तुकड्या-तुकड्यांत आहे. किंगडम कम मोकळं आहे, पण जादूच नाही, १४०३ सालचं बोहेमिया आहे, तिथं तुम्ही साध्या लोहाराचा पोरगा. माझ्यासाठी या वाटण्या फार महत्त्वाच्या नाहीत. भटकता येतं का, एवढंच मी बघते.

३. नुसतं चालत राहायचं, झाडं बघायची, यात मजा काय आहे? मी दोन तास खेळलो, काहीच झालं नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला याचं उत्तर नीट द्यायचंय, म्हणून लांब लिहिते.

मे महिना, दुपारचे अडीच, बाहेर ४५ डिग्री, घरात सगळे झोपलेले, कुलरमधून वाळ्याचा ओला वास येतोय आणि स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून मी खिडकीला चादर बांधलेली. स्कायरिममध्ये रिव्हरवुड नावाचं पहिलं गाव लागतं, तिथून मला शहरात निरोप द्यायला जायचं होतं. रस्त्यात एक कोल्हा दिसला, मी त्याच्या मागं पळाली, तो पळत राहिला, रस्ता सुटला, आणि झाडीत एक लाकडी झोपडी लागली. बाहेर एक म्हातारी बसलेली. गोड बोलली, आपण गरीब म्हातारी आहोत म्हणाली. मी आत गेली, तर जमिनीत तळघराचं झाकण. खाली उतरली तर तिथं चेटकिणीचं सगळं सामान मांडलेलं, आणि एक चिठ्ठी, तिनं कोणाला तरी लिहिलेली. वर आली तर तीच म्हातारी माझ्यावर जादू फेकून राहिली!

याची कोणतीही क्वेस्ट नाही. मॅपवर आधी खूण नव्हती, कोणी सांगितलं नाही, बक्षीस नाही. मी त्या रस्त्यानं सरळ गेली असती तर ती म्हातारी तिथंच बसून राहिली असती आणि मला कधीच कळलं नसतं. ही गोष्ट माझी आहे, कारण वाट मी सोडली.

सातवीत मला सायकल मिळाली तेव्हा असंच व्हायचं. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतार आहे हे माहीत होतं, पण मधली एक गल्ली कुठं निघते ते बघायचं म्हणून वळायचं आणि तेलनखेडीच्या हनुमान मंदिराजवळ निघायचं, मग एकदम डोक्यात बसायचं की अरे, म्हणजे हे आणि ते जोडलेलं आहे. शहर असं तुकड्या-तुकड्यानं जोडत जातं तेव्हा ते तुमचं होतं. या गेममध्ये तेच होतं, आणि मोठेपणी ते दुसरीकडं कुठं फारसं होत नाही कारण आता आपण सगळीकडं फोनमधल्या बाईचं ऐकून जातो.

कोल्ह्याचं खरं कारण खूप नंतर कळलं. स्कायरिमवर काम केलेल्या जोएल बर्जेसनं सांगितलं की कोल्ह्यांना खजिना दाखवायला कोणी शिकवलंच नव्हतं. गेममधली जमीन पात्रांना चालता यावी म्हणून अदृश्य त्रिकोणांत वाटलेली असते, मोकळ्या रानात त्रिकोण मोठे, छावणी-खंडहरापाशी लहान आणि दाट. कोल्हा तुमच्यापासून पळताना अंतर मीटरमध्ये नाही, त्रिकोणांत मोजतो, म्हणून दाट त्रिकोणांकडे पळतो, आणि तिथं काहीतरी असतंच. हे वाचून माझी मजा कमी नाही झाली, वाढली. बनवणाऱ्यांना माहीत नसलेली गोष्टसुद्धा त्या जगात होती.

तर दोन तासांत काही झालं नाही म्हणता, तर मला एवढंच सांगा की तुम्ही रस्ता कितीदा सोडला?

४. स्कायरिमचा मॅप खरंच किती मोठा आहे?

साधारण ३७ चौरस किलोमीटर. आपलं नागपूर शहर २०० च्या वर आहे, म्हणजे आख्खं स्कायरिम शहराच्या एका कोपऱ्यात मावेल. तरी मोठं वाटतं कारण मधे डोंगर टाकलेत, पुढचं दिसत नाही, सरळ जाता येत नाही, आणि तुम्ही पायी आहात. रामटेकला गडावर गाडीनं गेलं तर पाच मिनिटांत संपतं, पायऱ्यांनी गेलं की दर वेळी थांबून मागं बघता, वर पोचल्यावर खाली अंबाळा तलाव दिसतो तो पायांनी कमावलेला असतो. हाय ह्रॉथगार नावाचा मठ स्कायरिममध्ये तसाच आहे. सात हजार पायऱ्या म्हणतात, खरं मोजलं तर शेकड्यांतच भरतात, पण बर्फात चढताना कोणाला शंका येत नाही. उलट याच एल्डर स्क्रोल्स मालिकेतला १९९६ चा डॅगरफॉल कितीतरी पटींनी मोठा आहे, गावं हजारोंनी, पण ती कॉम्प्युटरनं आपोआप बनवलेली, त्यामुळं दहावं गाव पहिल्यासारखंच लागतं. मोठेपणावर जाऊ नका.

५. पहिला गेम कोणता घेऊ? स्कायरिम, विचर ३ का एल्डन रिंग?

भटकायची ओढ असेल तर स्कायरिम (२०११). गोष्टीची ओढ असेल तर विचर ३ (२०१५), पण त्यात तुम्ही गेराल्ट नावाचा राक्षस मारणारा विचरच असता, स्वतःचं पात्र नाही घडवता येत. एल्डन रिंग (२०२२) मला तिघांत सगळ्यात जास्त आवडतो आणि तरी पहिला म्हणून मी तो कोणालाच देत नाही, कारण त्यात सोपा-कठीण निवडायची सोय नाही आणि पहिल्याच आठवड्यात सोडून देणारे चार जण मी बघितलेत.

६. माझ्या साध्या लॅपटॉपवर चालेल का?

स्कायरिमची २०१६ ची स्पेशल एडिशन ८ जीबी रॅममध्ये चालते, डिस्कवर १२ जीबी जागा घेते. एल्डन रिंगला किमान १२ जीबी रॅम, ६० जीबी जागा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ऑफिसच्या लॅपटॉपवर हट्ट करू नका. अगदीच जुनी मशीन असेल तर डॅगरफॉल, तो स्कायरिमवाल्या बेथेस्डा कंपनीनं २००९ पासून फुकटच दिलाय.

नागपूरकरांसाठी वेगळं सांगते. एप्रिल ते जून लॅपटॉप दुपारी गरम होऊन स्वतःच स्लो होतो, गेमचा दोष नसतो. लॅपटॉप कुलरच्या तोंडासमोर ठेवू नका, ती हवा थंड असली तरी ओली असते आणि धूळ घेऊन येते. बाजूला ठेवा, खालून उचलून धरा, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ३० वर बांधा, आणि मोठं सेशन रात्रीवर टाका.

७. नवीन १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि स्कायरिममध्ये टेबलावरच्या वाट्या-चमचे उडून राहिले. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. स्कायरिमचं फिजिक्स फ्रेम रेटला बांधलेलं आहे, ६० च्या वर गेलं की सामान उधळतं. ६० वर लॉक करा, शांत होईल.

८. किंमत परवडत नाही. काही मार्ग?

थांबा, एवढाच मार्ग. जुने गेम सेलमध्ये खूप उतरतात, विचर ३ तर त्याच्या दोन मोठ्या एक्स्पान्शनसकट (नंतर आलेले जोड-भाग). स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) घेतला आणि जमला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, फक्त लक्षात ठेवा की पात्राचा चेहरा बनवण्यात घालवलेला वेळही त्या दोन तासांत धरतात. गेनशिन इम्पॅक्ट (२०२०) फुकट आहे, मॅप सुंदर आहे, पण पात्रं लॉटरीसारखी काढावी लागतात आणि तिथं हात सुटतो. पोरांच्या फोनवर टाकत असाल तर पैसे देण्याची सोय आधी बंद करा. क्रॅक केलेल्या कॉपीबद्दल मला विचारू नका, मी मदत करत नाही.

९. लाइट गेली आणि सेव्ह उडाला. परत मिळेल का?

माझंही झालंय, पावसाळ्यात, एका ड्रॅगनला पाडल्यावर बरोबर त्याच सेकंदाला, म्हणून मनापासून सांगते. स्कायरिम आणि विचरमध्ये एफ ५ दाबलं की क्विकसेव्ह होतो, तो हाताला लागून जाऊ द्या. पण क्विकसेव्ह एकच असतो आणि लिहिता लिहिता लाइट गेली तर तोच खराब होतो, म्हणून तासाभरानं मेन्यूत जाऊन नवीन सेव्ह वेगळा करा. ऑटोसेव्ह आणि जुने सेव्ह उघडून बघा, बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटंच मागं जावं लागतं. एल्डन रिंगमध्ये तुम्हाला सेव्ह निवडता येत नाही, गेमच सतत करतो, तिथं सेव्ह फोल्डरची कॉपी काढून ठेवणं एवढंच हातात आहे.

आणि घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पंखा-ट्यूबला चालतं, पण लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो झटका लागतो त्यात पीसी बंद पडतो. बऱ्याच इन्व्हर्टरला मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावून बघा, नाहीतर पीसीसाठी छोटा यूपीएस घ्या.

१०. माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठी किंवा हिंदी सबटायटल आहेत का?

प्रश्न ५ मधल्या तिन्ही गेममध्ये नाहीत. मला याचं वाईट वाटतं, कारण या गेममधलं निम्मं सुख बोलण्यात आहे. तरी खेळा. इंग्रजी सबटायटल सुरू ठेवा, स्कायरिममध्ये तुम्ही उत्तर निवडेपर्यंत समोरचा उभा राहतो, घाई नाही. विचरमध्ये मात्र काही ठिकाणी उत्तराला वेळेची पट्टी असते. माझा मामेभाऊ कामठीत मराठी शाळेत शिकला, त्यानं विचर फोनवर डिक्शनरी उघडी ठेवून पूर्ण केला, पाच महिने लागले. एल्डन रिंगमध्ये बोलणं कमी आहे, पण जे आहे ते इंग्रजीवाल्यांनाही नीट कळत नाही, तिथं सगळे सारखेच.

११. ६० तास झाले आणि मेन क्वेस्ट अजून सुरुवातीलाच आहे. चुकून राहिलो का?

नाही, भाऊ. तेच बरोबर आहे.

एक खरी अडचण मात्र आहे, ती सांगते. गोष्ट म्हणते मुलगी संकटात आहे, धाव, आणि तुम्ही गावात बसून ग्वेंटचे पत्ते खेळताय. विचर ३ मध्ये हे मला फार टोचलं. माझा उपाय असा की गोष्टीत जिथं पात्रालाच वाट बघायला सांगतात किंवा काही कळत नसतं तिथं भटकून घ्यायचं, आणि धागा हातात लागला की दोन-तीन क्वेस्ट सलग करायच्या.

१२. क्वेस्ट मार्कर बंद करू का?

प्रयत्न करा, पण स्कायरिममध्ये पूर्ण बंद केलं तर अडकाल, कारण तिथं लोक तुम्हाला पत्ता सांगतच नाहीत, सगळा भार मार्करच्या बाणावर. त्याच मालिकेतल्या मॉरोविंड (२००२) मध्ये बाणच नव्हता. माणूस सांगायचा की पुलावरून उत्तरेला जा, दगडांपाशी डावीकडं वळ, आणि ते डायरीत लिहिलं जायचं. कधी चुकीचंही सांगायचे, कुठल्याही चौकात पत्ता विचारल्यावर होतं तसंच. एल्डन रिंगनं मधला रस्ता काढलाय, मॅपचे तुकडे स्वतः शोधायचे आणि कागद जसजसा पुढं जाल तसा वाढत जातो, तुम्हाला वाटतं झालं आणि तो अजून मोठा होतो.

१३. एल्डन रिंगमध्ये सुरुवातीलाच सोनेरी घोडेस्वार मला मारून राहिला. तीस वेळा मेलो. काय करू?

त्याला सोडा आणि बाजूनं निघून जा. ट्री सेंटिनल तिथं तुम्हाला हरवायलाच ठेवलाय, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत कळावं की समोर आलेल्या प्रत्येकाशी लढलंच पाहिजे असं नाही. घोडा मिळाल्यावर, दहा-पंधरा लेव्हल वाढल्यावर परत या.

तोवर पूर्वेला मिस्टवुडच्या जंगलात जा. तिथं एका जुन्या बांधकामात खाली जाणारी लिफ्ट आहे. ती उतरत राहते, उतरत राहते, तुम्हाला वाटतं आता थांबेल, आणि मग भिंती संपतात आणि जमिनीच्या पोटात तुमच्या डोक्यावर आख्खं चांदणं पसरलेलं असतं. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती बघत बसली होती. पुढचं नाही सांगत.

१४. विचरमध्ये चुकीचा निर्णय घेतला तर जुना सेव्ह लोड करू का?

करून उपयोग नसतो, कारण फळ लगेच दिसत नाही. पहिल्याच गावात एक जखमी मुलगी मरायला टेकलेली असते, तुमच्याकडं विचर लोकांचं औषध असतं जे माणसाला झेपेलच असं नाही, द्यायचं का नाही? तुम्ही ठरवता, पुढं निघता, विसरता, आणि खूप तासांनी दुसऱ्याच प्रदेशात एक सैनिक तुम्हाला तिचं काय झालं ते सांगतो. तेव्हा तो सेव्ह कुठला राहिला? म्हणून राहू द्या. घेतलेला निर्णय घेऊन पुढं चालणं, ही यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

१५. मग कायमची हुकणारी काही गोष्ट आहे का जी आधी माहीत असावी?

आहेत. विचरमध्ये ग्वेंटचे सगळे पत्ते जमवायचे असतील तर सुरुवातीपासून लक्ष ठेवावं लागतं. एल्डन रिंगमध्ये एखादा बॉस (मोठा शत्रू) लवकर मारला की कोणाची तरी गोष्ट मधेच तुटते आणि गेम काही सांगत नाही. पहिल्यांदा खेळताना यादी बघून खेळू नका असंच मी म्हणेन. सगळं हवंच असेल तर दुसरी फेरी त्यासाठी ठेवा.

१६. मॉड टाकू का?

मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले गेममधले बदल. पहिल्या फेरीत नको. नंतर एकेक टाका, प्रत्येकानंतर गेम उघडून बघा, आणि खेळ मधे असताना मॉड काढू नका, सेव्ह खराब होतो (प्रश्न ९ मधलं वेगळ्या सेव्हचं इथंही लागू). एकदम ऐंशी मॉड टाकून "क्रॅश होऊन राहिला" म्हणून मेसेज करणाऱ्यांना मी प्रेमानं हेच उत्तर पाठवते.

१७. अर्ध्या तासात डोकं गरगरतं.

मोशन ब्लर बंद करा, दृश्याची रुंदी वाढवा, स्क्रीनपासून लांब बसा, आणि स्कायरिम पात्राच्या मागून दिसेल असा खेळा. माझ्या बहिणीला याने फरक पडला. तरी होत असेल तर त्या दिवशी बंद करा, सवय होईल म्हणून रेटू नका.

१८. माझा मुलगा बारावीत आहे, दिवसभर हाच गेम. हे गेम मुलांसाठी चांगले आहेत का?

काकू, आधी वयाचं सांगते. स्कायरिम, विचर ३ आणि एल्डन रिंग तिन्ही अमेरिकन रेटिंगमध्ये १७ च्या वरच्यांसाठी आहेत, आणि विचरमध्ये नग्न दृश्यं आणि क्रूर हिंसा खरंच आहे. लहान भाऊ असेल तर त्याला झेल्डा द्या, तो १० च्या वरच्यांना चालतो.

वेळेचं म्हणाल तर या गेमला शेवट लवकर येत नाही, विचर सगळ्या साइड क्वेस्टसकट शंभर तासांच्या पुढं जातो, त्यामुळं "संपवून उठ" म्हणण्यात अर्थ नाही. "ही क्वेस्ट संपली की उठ" म्हणा, ते त्याला जमतं. आणि एकदा शेजारी खुर्ची घेऊन बसा, त्याला म्हणा मला फिरवून आण. माझी आई अशी बसली होती. तिला ड्रॅगनमध्ये काही रस नव्हता, पण स्कायरिममध्ये नदीकाठी पाण्याजवळ एक झाड असतं जे जवळ गेलं की गुणगुणतं, ते शोधायचा तिला नाद लागला. "थांब, आवाज येऊन राहिला," म्हणायची.

१९. आपल्याकडच्या गोष्टींवर असा गेम का नाही?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं "राजी" नावाचा गेम केला, २०२० मध्ये आला, देखणा आहे, जरूर खेळा. पण तो ओपन वर्ल्ड नाही, सरळ रेषेतला आहे. मोकळं जग उभं करायला शेकडो माणसं आणि कित्येक वर्षं लागतात. पण पेंचचं जंगल, पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात निघणाऱ्या काळी-पिवळी मारबत आणि मागं बडगे (वाईट गोष्टींचे मिरवणुकीतले पुतळे), रात्री रामटेकच्या गडमंदिरावर दिवे, हे असलेला मॅप मला माझ्या हयातीत खेळायचाय, आणि कोणी बनवत असेल तर मी फुकट टेस्टिंग करीन.

२०. विचर संपला. आता दुसरं काहीच खेळावंसं वाटत नाही. काय करू?

आठ-पंधरा दिवस काहीच नवीन सुरू करू नका, तुलना होत राहते आणि चांगला गेमही फिका वाटतो. ब्लड अँड वाइन ही २०१६ ची एक्स्पान्शन राहिली असेल तर ती खेळा, तिच्या शेवटी गेराल्टला द्राक्षमळ्यातलं घर असतं, निरोप घ्यायला बरी जागा आहे. तीही झाली असेल तर जुना सेव्ह उघडून क्वेस्ट न घेता नुसतं फिरा, घोडा न पळवता. माझा स्कायरिमचा सेव्ह अजून आहे, दोन मशीन बदलल्या, पेन ड्राइव्हवर नेला. मागच्या महिन्यात उघडला तेव्हा रिव्हरवुडच्या वरच्या वाटेला लागली आणि मॅप न उघडता त्या म्हातारीच्या झोपडीपाशी जाऊन पोचली.